सुकतीच्या पाण्यात

समुद्रकाठच्या खडपांवर फिरणाऱ्या माणसानं कॅमेरा घ्यायचा ठरवला की त्याच्यापुढे दोन वाटा येतात. एक डीएसएलआरची: निकॉनचा डी३५०० किंवा कॅननचा १५००डी, सोबत १८-५५ची किट लेन्स, गळ्यात पट्टा. दुसरी वाट खिशात मावणाऱ्या, पाण्यात बुडवता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची: ऑलिम्पसच्या टफ मालिकेतला टीजी-५, टीजी-६ किंवा आता ओएम सिस्टिम या नावानं येणारा टीजी-७. दोघांच्या किमती साधारण एका टप्प्यातल्या, म्हणून पेच. दुप्पट-तिप्पट फरक असता तर निर्णय पैशानंच दिला असता. इथं तो आपल्याला द्यावा लागतो, आणि तो देताना आपण समुद्राकडे काय बघायला जातो याचा नीट विचार करावा लागतो.

माझं माहेर मालवणचं. चिवल्याच्या किनाऱ्याजवळ, रॉक गार्डनच्या खाली, सुकतीला खडप उघडं पडतं आणि त्याच्या खाचाखळग्यांत पाणी साचून राहतं. या डबक्यांचा लळा मला आत्यामुळे लागला. ती कालवं फोडायला जायची. पदर खोचलेला, हातात कोयती, शेजारी डबा. मी मागे उभी राहून पाण्यात डोकावायचे, तेव्हा ती मान न वळवता म्हणायची, "उभ्यान बघून काय गावाचा नाय. खाली बस."

भरतीची वेळ काढण्याचा हिशोब तिला पाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं कळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. तिथून सहा तासांनी सुकती. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, उधाण येतं. भरती जेवढी वर चढते तेवढीच सुकती खाली उतरते आणि एरवी पाण्याखाली असणारं खडप तासा-दोन तासांपुरतं मोकळं होतं. आता हाच हिशोब पुढे न्या. त्या दिवसांत भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. समुद्र सगळ्यात जास्त उघडतो तेव्हा उजेड सगळ्यात कमी असतो. कोकणच्या किनाऱ्यावर डबक्यांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण भेटते, आणि पहिल्या फेरीत ती डीएसएलआरच्या बाजूनं कौल देते.

कारण उघड आहे. डी३५००चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. टीजीचा जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर सुमारे १३ पटींचा फरक. सेन्सर लहान म्हणजे त्याच्या वाट्याला येणारा एकूण प्रकाश कमी, आणि प्रकाश कमी पडला की फोटोत रवाळ ठिपके उमटतात, सावलीतला तपशील पुसला जातो. टीजीची लेन्स वाइड बाजूला एफ/२ इतकी उघडते, किट लेन्स एफ/३.५ पर्यंतच, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण पुरती नाही. संध्याकाळी सव्वासहाला, पश्चिमेला नुसता तांबूस पट्टा उरलेला असताना, डीएसएलआरनं काढलेला खडपाचा फोटो आणि टीजीनं काढलेला फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठला हे सांगायला जाणकार लागत नाही.

आणि व्ह्यूफाइंडर. त्याच्याविषयी मला खरंच प्रेम आहे. डीएसएलआरला डोळा लावला की समोरचा उजेड भिंगातून आत शिरतो, आरशावर पडतो, वरच्या आरशांतून वळून थेट डोळ्यात येतो. मध्ये पडदा नाही, वीज नाही. कॅमेरा बंद असला तरी दिसतं. म्हणूनच डी३५००ची बॅटरी एका चार्जमध्ये १५५० फोटोंचं आश्वासन देते आणि टीजी-६ची ३४०चं. पण यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट निराळीच आहे. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे क्षणभर अंधार होतो. जो क्षण टिपला जातो तो टिपणाऱ्याला दिसलेला नसतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा तेवढा दिसतो. वर्षानुवर्षं फोटोग्राफर या अंधारावर विश्वास ठेवून काम करत आले. कॅमेरा शिकायचा असेल, म्हणजे ॲपर्चर बदलला की काय होतं, शटर मंदावलं की लाटेचं काय होतं हे हातानं समजून घ्यायचं असेल, तर हीच शाळा चांगली. टीजीमध्ये पूर्ण मॅन्युअल मोड नाहीच. भर उन्हात तर त्याचा मागचा पडदा दिसतही नाही, अंदाजानं काढायचं.

एवढं सगळं मान्य करून मी डबक्याशी येते, आणि तिथं चित्र पालटतं.

डबक्याचा फोटो वरून काढायचा म्हणजे आधी पाण्याच्या पाठीवरची चमक आड येते. त्यावर पोलरायझर फिल्टर हा उपाय. पण तो पूर्ण गुणाला येतो तो पाण्यावर उभ्या काढलेल्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांच्या तिरक्या कोनातूनच. म्हणजे डबक्याच्या काठावर नीट कोन साधून उभं राहायचं. शिवाय फिल्टर उजेडही खातो, आणि उजेड तर आधीच कमी. एवढं करून पाण्यात दिसतं ते जागेवर दिसत नाही: प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, सरळ वरून बघितलं तरी चार बोटं खोल असलेली गोष्ट तीन बोटांवर भासते. वारा आला की पाण्याला सुरकुत्या पडतात आणि सगळं हलतं. वरून हसणारं पाणी आणि आतलं जग यांच्यामध्ये हा एक पातळ पापुद्रा आहे. डीएसएलआर कितीही चांगला असला तरी तो या पापुद्र्याच्या अलीकडे राहतो.

पलीकडे जायची ओढ फोटोग्राफीच्या अगदी बालपणापासूनची. १८५६ साली विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसानं इंग्लंडच्या वेमथ उपसागरात लाकडी पेटीत कॅमेरा घालून तो तळाशी सोडला. कॅमेऱ्यात पाणी शिरलं, तरी काचेवर चित्र उमटलं. पुढे १९६०च्या सुमारास समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांच्या सांगण्यावरून बेल्जियन अभियंते ज्याँ द वूटर्स यांनी कॅलिप्सो हा कॅमेरा घडवला. त्याला वेगळी पेटी लागत नव्हती. कॅमेऱ्याच्या अंगालाच रबरी कड्या बसवून तो पाण्याला बंद केलेला होता. १९६३पासून निकॉननं तो निकोनॉस या नावानं काढला. या कॅमेऱ्याची एक अट होती: लेन्समधून बघता येत नसे. वर वेगळी खिडकी, आणि समोरचा मासा किती अंतरावर आहे हे नजरेनं अदमासून आकडा लावायचा. पाण्यात जायचं असेल तर भिंगातून बघणं सोडा, असा तो सरळ सौदा होता. १९९२मध्ये निकोनॉस आरएस आला आणि आरसावाला कॅमेरा स्वतःच पाण्यात उतरला. पण तो इतका महाग की हौशी माणसाच्या हाती लागलाच नाही, आणि काही वर्षांत बंदही झाला. आज साध्या डीएसएलआरसाठी पाण्याखालची पेटी मिळते, मात्र तिची किंमत आतल्या कॅमेऱ्याहून जास्त. तेव्हा निवड अजून तीच आहे, जी कुस्तोंच्या काळात होती.

मी पाण्यात जाणारा घेतला. टीजी.

हा कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, हे लक्षात घेतलं तर बॅटरीच्या झाकणाभोवतीची ती मऊ, बारीक रबरी कड किती भार पेलते ते कळेल. झूम करताना लेन्स बाहेर येत नाही, भिंगं आतल्या आत सरकतात. बाहेर हलणारं काही नाही म्हणून पाण्याला वाट नाही. पण डबक्यासाठी मला १५ मीटर नकोच असतात. वीतभर पाणी खूप झालं. माझ्या कामाचं आहे ते त्याचं मायक्रोस्कोप मोड नावाचं रूप, ज्यात भिंगाच्या काचेपासून अवघ्या एका सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस होतो. किट लेन्सला निदान पाव मीटर अंतर लागतं.

एका सेंटिमीटरवरून काय दिसतं? बार्नेकल घ्या. खडपावर पांढुरक्या, खरखरीत, पाय सोलून काढणाऱ्या त्या लहान टोप्या सगळ्यांनी पाहिल्यात. सुकतीला त्या मिटलेल्या असतात, दगडाचाच भाग वाटतात. डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या जिवांच्या अभ्यासात घातली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. मग डबक्यात, पाण्याखाली असलेल्या एका बार्नेकलपाशी कॅमेरा नेला, हात दगडाला टेकवला आणि थांबले. आधी काही नाही. मग टोपीच्या मधली फट उघडली, आतली दोन झाकणं बाजूला सरली आणि पिसासारखे बारीक पाय एकदम बाहेर आले, पाण्यातून वळसा घेऊन आत गेले. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पागी पाग फेकून ओढून घेतो, अगदी तसं, फक्त न थकता. प्रत्येक पायावर आणखी बारीक केस, त्यांत अडकलेले कण. हा प्राणी डोक्यावर उभा राहून पायांनी खातो, हे पुस्तकात होतं. डोळ्यांनी ते मला पाण्याच्या आतून दिसलं. हवेत बार्नेकल मिटलेलं असतं. कोरड्यात उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला ते पाठच फिरवून असतं असं म्हणा ना.

झोअँथिड नावाचे जीवही तसेच. कोकणात आणि मुंबईतही खडपांवर त्यांचे हिरवट-तपकिरी गालिचे असतात. बाहेर पडले की चिकट, मिटलेले गोळे. पाण्यात एकेक तोंड उघडतं, भोवती शुंडकांचं कडं, मधोमध बारीक चीर. यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं, म्हणून बोट लावायचं नाही. आणि पाय ठेवायचा नाही हे तर त्यांच्यासाठीही. जवळून बघता येतं म्हणून जवळ जाण्याचा हक्क मिळत नाही, ही गोष्ट टीजी घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानातच सांगायला हवी. एका सेंटिमीटरवर कॅमेऱ्याची स्वतःची सावली पडते, दिवा लावला तर तो त्या जिवाच्या अंगावर थेट येतो. मी दिवा थोडा वेळच लावते. दगड उलटा करत नाही. केलाच कुणी तर होता तसा ठेवायला लावते, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही.

आत्यानं हा कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "ह्यो भिजलो तरी चलता?" चालतो म्हटल्यावर तिनं कालवांच्या पाण्यानं ओले, कापलेले हात तसेच पुढे केले आणि तो घेतला. आमच्या चुलतभावाच्या डीएसएलआरला तिनं कधी हात लावला नव्हता. दिला तरी लुगड्याला हात पुसत, "नको बाबा, काय झालां तर" म्हणून मागे सरायची. टीजी तिनं सरळ पाण्यात घातला. तिनं काढलेल्या पहिल्या फोटोत अर्धं बोट आहे आणि उरलेल्या जागेत कालवाची उघडी शिंपली, आतल्या मऊ कडेसकट. ज्या खडपावर तिनं हयात काढली त्याचा तिच्या हातचा हा पहिला फोटो. वस्तूची भीती गेली की कॅमेरा कुणाच्या हाती जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी फार जवळून दिसलं. साध्या डीएसएलआरला खाऱ्या तुषारांपासूनही संरक्षण नसतं. तो घेऊन खडपावर गेलेला माणूस अर्धा वेळ कॅमेरा सांभाळत असतो, लाटेकडे पाठ करायला धजत नाही, गुडघे टेकत नाही. त्याची नजर पाण्यात जाण्याआधी पट्ट्याकडे जाते.

मुंबईतही हे बघायला मिळतं. २०१७मध्ये मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला आणि हाजी अली, कार्टर रोड, गिरगाव इथल्या किनाऱ्यांवर सुकतीला लोकांना घेऊन फिरू लागला. ज्या किनाऱ्याकडे शहर नाक दाबून बघतं तिथं समुद्रफुलं, ऑक्टोपस, शंखातले खेकडे, रंगीत गोगलगाई आहेत, हे फोटोंनी दाखवलं. किनाऱ्यावर भराव पडतात, रस्ते होतात, तेव्हा इथं काय होतं याचा पुरावा म्हणून असे फोटो लागतात. तो फोटो सुबक नसला तरी चालतो. जात ओळखता यावी इतका जवळचा आणि स्पष्ट असावा, जागा आणि तारीख कळावी. टीजीत जीपीएस असतं. त्या कामाला ते मोलाचं.

फोनचं काय, असं कुणीही विचारेल. आजकालचे पुष्कळ फोन पाणी सोसतात. पण त्यांच्यावर लिहिलेली आयपी६८ ही पाणी सोसण्याची कसोटी गोड्या पाण्यातली आहे, खाऱ्या नाही. समुद्राच्या बाबतीत मी फोनवर विसंबत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार मात्र दोन्ही बाजूंनी करायला हवा. कोकणातल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यागत बारीक तंतू काचेच्या आत पसरतात आणि मग निघत नाहीत. बदलत्या लेन्सचा कॅमेरा घरी ठेवायचा म्हणजे हवाबंद डबा, सिलिका जेल, त्याचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरणं, हे व्रत आलं. टीजीचं व्रत वेगळं. किनाऱ्यावरून आलं की झाकण उघडायच्या आधी गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायचा, बटणं दाबून आतलं मीठ सोडवायचं. मग पुसून, कोरडा करून झाकण उघडायचं आणि रबरी कड डोळ्यांजवळ धरून बघायची. वाळूचा एक कण किंवा एक केस पुरतो. तेवढ्या फटीतून पाणी येतं. ही कड वर्षाकाठी बदलून घ्यायची असते.

बोरा बाजारात, फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात, काउंटरमागच्या वयस्क काकांनी मला कळकळीनं डीएसएलआर सुचवला होता. "ताई, यात पुढे लेन्सा बदलता येतील. आज ही, उद्या मॅक्रो, परवा टेली. त्या छोट्यात जे आहे तेच." त्यांचं म्हणणं खरं आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९पासून चालत आलेला, त्यावर बसणाऱ्या लेन्सचा डोंगर आहे. पण सुरुवातीचा डीएसएलआर विकला जातो तो बहुतेक वेळा पुढच्या आयुष्याच्या भरवशावर. पुढे लेन्स घेऊ, पुढे शिकू, पुढे वेळ मिळेल. मला वाटतं, कॅमेरा आज जिथं पाय जातात तिथला घ्यावा. माझे पाय सुकतीला जातात.

मागच्या दिवाळीत पुण्याच्या भाचीनं फोन करून हाच प्रश्न विचारला: "मावशी, तू वापरतेस तोच घेऊ का?" ती थंडीत भिगवणला जाते, उजनीच्या फुगवट्यावर, होडीतून रोहित पक्षी बघायला. मी तिला टीजी घेऊ नकोस असं सांगितलं. रोहित एका सेंटिमीटरवर येत नाहीत, आणि टीजीचं झूम चौपटीवर संपतं. तिला वापरलेला डीएसएलआर हवा आणि ७०-३०० लेन्स. बॉडीवर कमी खर्च कर, लेन्ससाठी पैसे राख, असं म्हटलं. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, तेव्हा स्वस्त मिळते म्हणून जुनी एएफ-डी लेन्स उचलू नकोस, नाहीतर उडत्या थव्यामागे हातानं फोकस फिरवत बसशील. आणि पैसे द्यायच्या आधी लेन्सची दोन्ही झाकणं काढ, मागून बॅटरीचा उजेड टाक आणि तिरकं धरून काचेच्या आत बघ: बुरशी असेल तर तिथंच दिसेल.